पाचशे डॉलरची नोंद: अमेरिकन फुटबॉलचे पगारी संघ कुठून आले

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन नावाचं एक शहर आहे. तिथे व्यावसायिक फुटबॉलचं मोठं संग्रहालय उभं आहे, आणि त्यात करंडक, जर्सी, पुतळे यांच्या जोडीला एका जुन्या क्लबाच्या जमाखर्चाचं एक पान जपून ठेवलेलं आहे. पान १८९२ सालचं. एका सामन्याची जमा, त्याच सामन्याचा खर्च, आणि खर्चात एक नोंद: डब्ल्यू. हेफेलफिंगर यांना खेळल्याबद्दल रोख ५०० डॉलर.

आज एनएफएलमधल्या, म्हणजे तिथल्या नॅशनल फुटबॉल लीग या पगारी संघांच्या स्पर्धेतल्या, एकेका संघाची किंमत अब्जावधी डॉलरमध्ये मोजली जाते. त्या सगळ्या व्यवहाराचा हाती असलेला पहिला लेखी पुरावा म्हणजे ही एक ओळ. ज्या क्लबाने ती लिहिली, त्याने ती चारचौघांना मात्र दाखवली नव्हती. सत्तरएक वर्षं तिची कुणाला खबरही नव्हती.

हा इतिहास वाचताना संघांची नावं आणि साल इतकी अंगावर येतात की माणूस गोंधळून जातो. मला त्यातून एकच सोपी वाट सापडली. प्रत्येक टप्प्यावर विचारायचं: खेळाडूला पैसे कोण देत होतं, आणि कशासाठी? या एका प्रश्नामागे चालत गेलं की सगळं आपोआप रांगेत लागतं.

आधी खेळाविषयी थोडं

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू हातात धरून, समोरच्यांना चुकवत किंवा सरळ धडकत, त्यांच्या हद्दीच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यायचा. तो तसा नेला की टचडाऊन. आजच्या नियमाप्रमाणे चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. एका प्रयत्नाला डाऊन म्हणतात.

सुरुवातीला असं काही नव्हतं. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्ये जो सामना झाला त्याला या खेळाचा पहिला सामना मानतात, पण एका बाजूला २५ जण, चेंडू हातात घेऊन पळायला मनाई, असा तो प्रकार होता. आजच्या सॉकरलाच तो जवळचा. हाताने खेळायचं वळण १८७४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचे विद्यार्थी हार्वर्डशी खेळायला आले तेव्हा लागलं. त्यांनी रग्बी आणला. मग येल कॉलेजच्या वॉल्टर कॅम्प यांनी त्या रग्बीची मोडतोड करून नवा खेळ घडवला. १८८० मध्ये एका बाजूला ११ खेळाडू ठरले आणि दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून उभे राहतात ती पद्धत आली. १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्डांचा नियम झाला.

आपल्या गोष्टीसाठी यातली एक गोष्ट महत्त्वाची. दोन रांगा समोरासमोर भिडणार, आणि प्रत्येक वेळी चेंडू कुणाकडे हे आधीच ठरलेलं, अशी रचना झाली की एक-दोन दांडगे, तरबेज गडी सगळा सामना फिरवू शकतात. असा गडी आपल्याकडे नसेल तर बाहेरून आणण्याचा मोह तिथेच तयार होतो.

पिट्सबर्गचे जिमखाने

कॉलेजातून बाहेर पडलेल्या तरुणांना खेळायला जागा हवी होती. ती अ‍ॅथलेटिक क्लबांनी दिली. आपल्या जिमखान्यांसारख्याच या संस्था: वर्गणीदार सभासद, स्वतःचं मैदान, आणि शेजारच्या क्लबाशी जुनी खुन्नस. पोलाद आणि कोळशाच्या पिट्सबर्ग शहरात असे दोन क्लब होते, अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशन आणि पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लब. ऑक्टोबर १८९२ मध्ये त्यांचा सामना ६-६ असा बरोबरीत सुटला. परत सामना ठरला आणि त्यावर पैजा लागू लागल्या.

आता अ‍ॅलेघेनीवाल्यांनी गळ टाकला तो विल्यम हेफेलफिंगरला. हा येलचा माजी खेळाडू, सगळे त्याला ‘पज’ म्हणत. सलग तीन वर्षं देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव होतं, आणि पोटासाठी तो ओमाहात रेल्वेच्या कचेरीत साधी नोकरी करत होता. पिट्सबर्ग क्लबानेही त्याच्यासाठी २५० डॉलर देऊ केल्याची चर्चा होती. हौशी खेळाडू म्हणून असलेलं नाव घालवायचं तर पाचशेखाली नाही, असं त्याचं म्हणणं असल्याचं सांगतात.

१२ नोव्हेंबरला तो अ‍ॅलेघेनीच्या रांगेत उभा राहिला तेव्हा समोरचे संतापून मैदानाबाहेर निघाले. बरीच हुज्जत झाली. शेवटी सगळ्या पैजा रद्द करून सामना खेळवला गेला. हेफेलफिंगरने सुटलेला चेंडू उचलून धाव घेतली आणि टचडाऊन केला. तेव्हा टचडाऊनचे चार गुण मिळत. सामना ४-० असा संपला. प्रवासखर्चाचे २५ डॉलर वेगळे देऊनही क्लबाच्या हाती ६२१ डॉलर नफा उरला. पाचशे डॉलर फेकून गडी आणला तरी फायदाच होतो, हा हिशोब त्या पानावर स्पष्ट दिसतो. पुढच्याच आठवड्यात त्याच क्लबाने बेन डॉनेली नावाच्या खेळाडूला २५० डॉलर दिले.

मग हे लपवायचं कशाला? कारण त्या काळच्या सुशिक्षित अमेरिकेत खेळ ‘हौशी’च असायला हवा, पैसे घेऊन खेळणं हलकं, असा पक्का समज होता. अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन नावाची संघटना पैसे घेणाऱ्यांवर नजर ठेवायची. त्यावर क्लबांनी पळवाटा काढल्या. एक पळवाट नमुनेदार होती. सामन्यानंतर खेळाडूला बक्षीस म्हणून सोन्याचं घड्याळ द्यायचं. तो ते सावकाराकडे गहाण टाकून रोकड घेणार. गहाणाची चिठ्ठी क्लबाचा माणूस विकत घेणार, घड्याळ सोडवून आणणार, आणि पुढच्या सामन्याला तेच घड्याळ पुन्हा बक्षीस. कागदावर सगळे हौशीच राहत.

मला यात खेळाडूंचा दोष दिसत नाही. मैदानाच्या दारावर तिकिटं विकली जात होती, पैजांवर पैसे उडत होते. त्या गल्ल्यातला वाटा, हाडं मोडून घेणाऱ्यानेच तेवढा मागायचा नाही, असा तो न्याय होता. श्रीमंत बापाच्या मुलाला हौशी राहणं परवडायचं. रेल्वेतल्या कारकुनाला, खाणीतल्या मजुराला ते परवडणारं नव्हतं.

लपवाछपवी फार काळ टिकली नाही. १८९५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब या छोट्या गावाने जॉन ब्रॅलियर नावाच्या तरुणाला १० डॉलर आणि वरखर्च देऊन एका सामन्यासाठी बोलावलं. त्याने ती गोष्ट कधी लपवली नाही, त्यामुळे कित्येक वर्षं पहिला पगारी खेळाडू म्हणून त्याचंच नाव घेतलं जायचं. जमाखर्चाचं ते पान सापडल्यावर हा मान हेफेलफिंगरकडे गेला. १८९७ मध्ये लॅट्रोबचा सबंध संघ हंगामभर पैसे घेऊन खेळला. १९०२ मध्ये बेसबॉलवाल्यांनी फिलाडेल्फियाचे दोन आणि पिट्सबर्गचा एक असे तीन संघ घेऊन ‘नॅशनल फुटबॉल लीग’ या नावाची एक स्पर्धा काढूनही पाहिली, ती एका हंगामात आटोपली. आजच्या एनएफएलशी तिचं नाव सोडून काही नातं नाही.

ओहायो: गावाची इभ्रत

आता पैसे देणारा बदलतो. क्लबाच्या जागी गाव येतं.

मॅसिलॉन आणि कँटन ही ओहायोतली शेजारची गावं, लोखंड-पोलादाच्या कारखान्यांवर जगणारी. १९०३ मध्ये मॅसिलॉनने ‘टायगर्स’ नावाचा संघ उभा केला आणि महत्त्वाच्या सामन्यासाठी पिट्सबर्गहून पगारी गडी आणले. ते जिंकले. मग कँटनला राहवेना. कँटनने खेळाडू आणले, मॅसिलॉनने आणखी आणले, आणि दोन-तीन वर्षांत दोन्ही गावांचे खिसे रिकामे होत आले. १९०६ मध्ये दोघांचे दोन सामने झाले. पहिला कँटनने जिंकला, दुसरा मॅसिलॉनने. लगेच सामना विकल्याचा आरोप झाला. तो सिद्ध झाला नाही, पण लोकांचा विश्वास उडाला. दोन्ही संघ बसले आणि ओहायोत पुढची काही वर्षं मोठ्या पैशाचा फुटबॉल थंडावला.

याच काळात ओहायोतल्या शेल्बी या गावात १९०४ मध्ये चार्ल्स फॉलिस या कृष्णवर्णीय खेळाडूने पगारी करार केला. ज्ञात असलेला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू तो. प्रेक्षकांच्या शिव्या आणि विरोधी खेळाडूंचे मुद्दाम मारलेले फटके सोसत तो खेळला. त्याच संघात ब्रँच रिकी नावाचा एक गोरा तरुण होता. पुढे चार दशकांनी बेसबॉलमधली रंगबंदी मोडून जॅकी रॉबिन्सनला संघात घेतलं ते याच रिकीने.

पैशाचा फुटबॉल थंडावला तरी खेळ थांबला नाही. तो कामगारांच्या हाती गेला, आणि या इतिहासातला मला सर्वांत प्रिय भाग इथे येतो. कोलंबस शहरात पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा कारखाना होता. तिथल्या कामगारांच्या ‘पॅनहँडल्स’ या संघाची सूत्रं १९०७ मध्ये जो कार नावाच्या माणसाने घेतली. कार एकाच वेळी यंत्रशाळेतला कामगारही होता आणि खेळाच्या बातम्या लिहिणारा पत्रकारही. संघाचा कणा म्हणजे नेसर घराण्यातले भाऊ, बहुतेक बॉयलर बनवणारे, धिप्पाड. जेवणाच्या सुट्टीत पटापट दोन घास खाऊन ते रेल्वेच्या आवारातच सराव करायचे. रेल्वेचे कामगार म्हणून त्यांना फुकट प्रवासाचे पास होते, त्यामुळे कारने त्यांना गावोगाव नेऊन खेळवलं: मैदान दुसऱ्याचं, भाडं शून्य, मिळेल तो वाटा आपला. १९२१ मध्ये याच संघातून टेड नेसर आणि त्याचा मुलगा चार्ली एकत्र खेळले. एनएफएलच्या इतिहासात एकाच संघातून खेळलेली बाप-लेकाची ही एकमेव जोडी.

हे सामने रविवारी होत. शनिवार कॉलेजांचा, आणि कामगाराला सुट्टी तेवढा एकच दिवस. पेनसिल्व्हेनियात रविवारी पैसे घेऊन खेळ दाखवायला कायद्याने बंदी होती, ती १९३३ मध्ये सैल झाली. पिट्सबर्गचा आजचा स्टीलर्स आणि फिलाडेल्फियाचा ईगल्स हे दोन्ही संघ नेमके १९३३ मध्येच का जन्मले, याचं मोठं कारण हेच. पगारी फुटबॉल पिट्सबर्गमध्ये जन्मला खरा, पण तो वाढला ओहायोत.

कँटन पुन्हा उभं राहिलं ते १९१५ मध्ये, जिम थॉर्पमुळे. सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी जमातीचा हा खेळाडू. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदकं जिंकली होती आणि वर्षभरात ती काढून घेतली गेली होती. गुन्हा काय, तर त्याआधी सुट्टीत किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. हौशीपणाच्या त्या नियमाने किती मोठ्या माणसाला तुडवलं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. कँटन बुलडॉग्जचा व्यवस्थापक जॅक क्यूसॅक याने त्याला एका सामन्याचे २५० डॉलर देऊ केले. एवढी रक्कम म्हणजे दिवाळं, असं त्याला जाणत्यांनी बजावलं होतं. पण जिथे सरासरी १,२०० माणसं यायची, तिथे मॅसिलॉनबरोबरच्या दोन सामन्यांना ६,००० आणि ८,००० लोक लोटले.

मोटारींच्या दुकानातली बैठक

पहिलं महायुद्ध संपलं तोवर ओहायो, इंडियाना, इलिनॉय भागात असे पुष्कळ संघ झाले होते आणि सगळ्यांचं दुखणं एकच होतं. खेळाडूंच्या मागण्या चढत होत्या. आज इथे खेळलेला गडी पुढच्या रविवारी जास्त पैसे देणाऱ्या संघात दिसायचा. आणि कॉलेजात शिकणारी मुलं खोटं नाव घेऊन खेळवली जायची, त्यामुळे विद्यापीठं भडकली होती. एकटा संघ यातलं काहीच रोखू शकत नव्हता: आपण पळवापळवी थांबवली तर शेजारचा थांबवत नाही.

म्हणून १९२० च्या ऑगस्टमध्ये चार संघ आणि १७ सप्टेंबरला दहा संघांचे प्रतिनिधी कँटनमध्ये जमले. जागा होती बुलडॉग्जचे मालक राल्फ हे यांचं हपमोबील मोटारींचं दुकान. खुर्च्या पुरेनात, तेव्हा काहीजण मोटारींच्या पायरीवरच टेकले. संघटना झाली, अध्यक्ष म्हणून थॉर्पचं नाव घातलं, कारण वर्तमानपत्रात छापून येण्याजोगं नाव तेवढं एकच होतं. सभासदत्वाची फी १०० डॉलर ठरली. ती प्रत्यक्षात कुणीच भरली नाही, असं त्या बैठकीला हजर असलेले जॉर्ज हॅलस पुढे सांगत. पहिल्या वर्षी एकत्रित वेळापत्रकसुद्धा नव्हतं. अ‍ॅक्रनच्या संघाला विजेता ठरवलं तेही हंगाम संपून काही महिन्यांनी, बैठकीत मत घेऊन. १९२१ मध्ये अध्यक्षपद रेल्वेवाल्या जो कारकडे आलं, १९२२ मध्ये नाव बदलून नॅशनल फुटबॉल लीग झालं. कारने मरेपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, ते पद सांभाळलं.

अ‍ॅक्रनच्या त्या विजेत्या संघात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू होता, आणि पुढच्या वर्षी तो त्याच संघाचा एक प्रशिक्षकही झाला. ही सुरुवात आशा वाटावी अशी होती. पण १९३४ ते १९४५ या काळात या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसत नाही. लेखी बंदी कुठेच नव्हती. मालकांनी आपसांतच दार लावून घेतलं होतं. ते १९४६ मध्ये लॉस एंजेलिसला केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांच्यासाठी उघडलं.

सुरुवातीच्या संघांकडे पाहिलं की पैसे देणाऱ्यांत आणखी एक जण दिसतो: कारखानदार. डेटन ट्रँगल्स हा संघ शहरातल्या तीन कारखान्यांच्या कामगारांमधून झाला. तीन म्हणून त्रिकोण. इलिनॉयमधल्या डेकॅटर गावी ए. ई. स्टेली यांचा मक्यापासून स्टार्च बनवण्याचा कारखाना होता. आपल्या मालाचं नाव गाजावं म्हणून त्यांनी १९२० मध्ये हॅलसला नोकरीवर ठेवून संघ बांधायला सांगितलं. खेळाडू कारखान्यात कामाला, सरावाची वेळही भरपगारी. वर्षभरात मंदी आली, हा खर्च झेपेना. स्टेलींनी संघ हॅलसच्या हवाली केला, वर ५,००० डॉलर दिले, आणि अट घातली की एक हंगाम तरी स्टेली हे नाव ठेवा. हॅलस संघ घेऊन शिकागोला गेले. तिथला बेसबॉल संघ कब्ज, म्हणजे अस्वलाची पिल्लं. फुटबॉलवाले त्याहून दांडगे, म्हणून १९२२ मध्ये नाव ठेवलं बेअर्स. शिकागोतलाच कार्डिनल्स हा संघ त्याहून जुना. १८९८ मध्ये वस्तीतल्या पोरांनी काढलेला. त्यांनी विद्यापीठाच्या जुन्या, विटलेल्या तांबड्या जर्सी विकत घेतल्या आणि त्या रंगावरूनच हे नाव पडलं. तो आज अ‍ॅरिझोनात आहे. १९२० च्या त्या बैठकीतल्या दहा संघांपैकी आजतागायत टिकलेले हे दोनच.

बाकीचे का गेले? छोट्या गावात रविवारी दोन-तीन हजार तिकिटं खपायची. पाऊस पडला की तेवढीही नाही. १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचा लाडका खेळाडू रेड ग्रेंज कॉलेजचा शेवटचा सामना संपताच बेअर्सकडे आला. डिसेंबरमध्ये त्याला पाहायला न्यूयॉर्कमध्ये सुमारे ७०,००० लोक जमले, आणि टिम मारा यांनी ५०० डॉलरला घेतलेला, तोट्यात बुडत चाललेला न्यूयॉर्क जायंट्स संघ एका दुपारीत वाचला. एवढी गर्दी कँटनला कुठून आणायची? दहाएक वर्षांत ओहायोतली अशी गावं एकेक करून लीगमधून नाहीशी झाली आणि संघ महानगरांचे झाले.

एक गाव मात्र उरलं. विस्कॉन्सिन राज्यात, सरोवराकाठी, ग्रीन बे. तिथे ऑगस्ट १९१९ मध्ये कर्ली लँबो हा तरुण आणि वार्ताहर जॉर्ज कॅलहून यांनी संघ जमवला. लँबो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला होता, त्या इंडियन पॅकिंग कंपनीने जर्सी आणि सामानासाठी ५०० डॉलर दिले. म्हणून नाव पॅकर्स. पहिल्या हंगामात मैदानाला कुंपण नव्हतं, तिकीट नव्हतं. मध्यंतरात टोपी फिरवून पैसे गोळा करत. १९२१ मध्ये ते लीगमध्ये आले आणि कॉलेजची मुलं खोट्या नावाने खेळवल्याबद्दल लगेच सभासदत्व गमावून बसले. पुढच्या वर्षी लँबोने ते परत मिळवलं. त्या वर्षी पावसाने गल्ला बुडवला. लँबो कफल्लक झाला, तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी २,५०० डॉलरचं कर्ज उभं केलं, आणि १९२३ मध्ये संघ गावालाच विकायचं ठरलं. पाच डॉलरचा एक, असे एक हजार शेअर काढले.

त्यानंतरही अडचण आली तेव्हा पॅकर्सने लोकांकडेच हात पसरला. आज त्यांचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. शेअरवर लाभांश मिळत नाही, तो नफ्याने विकता येत नाही. लीगच्या आजच्या नियमांत अशी मालकी कुणाला नव्याने करता येत नाही. जुनी म्हणून फक्त पॅकर्सना सूट आहे. जेमतेम लाखभर वस्तीचं ते शहर न्यूयॉर्क, शिकागो यांच्याशी त्याच मैदानावर खेळतं.

१९२३ च्या त्या कागदपत्रांत आणखी एक कलम होतं. उद्या संघ विकायची वेळ आलीच, तर देणी भागवून उरलेला सगळा पैसा गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेला द्यायचा आणि त्यातून सैनिकांचं नीटस स्मारक बांधायचं. म्हणजे संघ विकून कुणाच्याच खिशात एक डॉलर पडणार नव्हता. १९९७ मध्ये भागधारकांनी मतदान करून त्या संघटनेच्या जागी पॅकर्सच्या धर्मादाय संस्थेचं नाव घातलं. विक्रीतून कुणाच्या खिशात पैसा जाणार नाही, हे मात्र तसंच राहिलं.